सही मागण्याआधी मराठीत सांगा

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. क्लिनिकल ट्रायलविषयीच्या 2019 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा कमिटीत किमान सात माणसं लागतात. त्यातली निम्मी तरी संस्थेबाहेरची हवीत, अध्यक्षही बाहेरचाच. औषधाच्या ट्रायलला मंजुरी देताना डॉक्टर, कायदेतज्ज्ञ यांच्या बरोबरीनं एक सामान्य माणूस बैठकीत असावाच लागतो. तो नसेल तर निर्णय घेता येत नाही. कायद्यानं ही खुर्ची एवढ्या आग्रहानं ठेवली आहे, म्हणून त्या खुर्चीवरून जे दिसतं ते आपल्यापुढे मांडते.

मागणी एकच आहे. आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत यापुढे जी ट्रायल किंवा जो अभ्यास सुरू होणार असेल, त्याची माहिती पहिला रुग्ण घेण्याच्या आधी, साध्या मराठीत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल अशी लावावी. वॉर्डात फॉर्म देताना माणसाला जे सांगतात, ते फार उशिरा सांगितलेलं असतं.

उशिरा का, तेही सांगते. सरकारी रुग्णालयात येणारा माणूस पहाटेच्या एसटीनं निघालेला असतो. केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग रक्ताची, मग एक्स-रेची. दुपारी कधीतरी रेसिडेंट डॉक्टर त्याच्याजवळ येतात, बारा-पंधरा पानांचा फॉर्म पुढे करतात आणि एका अभ्यासाबद्दल बोलू लागतात. ते डॉक्टर वाईट नसतात. बहुतेक जण मनापासून समजावतात, रात्रभराची ड्युटी करून समजावतात. पण ऐकणाऱ्याचं लक्ष आजाराच्या नावावर अडकलेलं असतं. सोबतचा नातेवाईक परतीची गाडी सुटेल का या काळजीत असतो. आणि मनात एक पक्का समज असतो: डॉक्टरांना नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल. अशा वेळी माणूस सही करतो, पण विचार करून हो म्हणतो असं मला वाटत नाही.

फॉर्म मराठीतच असतात, हे खरं. आमच्यापुढे येणाऱ्या फॉर्मांत वाक्यं कशी असतात त्याचा एक मासला देते: ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता माघार घेतल्यास आपल्या प्रमाणित उपचारांवर विपरीत परिणाम संभवणार नाही.’ यात चुकीचं काही नाही. पण सातवी शिकलेल्या माणसाला हे दोनदा वाचून कळत नाही, आणि कळलं नाही असं सांगायची त्याला लाज वाटते. ‘यात यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी इथले उपचार जसे चालू आहेत तसेच चालू राहतील. मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडा, कारण सांगायची गरज नाही.’ एवढं लिहिलं तर ते वाचून दाखवल्यावर म्हातारी आजीसुद्धा मान डोलावते.

आता कोणी म्हणेल, माहिती तर उघडच आहे. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2007 पासून क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही नोंदवही सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. 15 जून 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथं सक्तीची झाली, आणि आज पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. हे मोठं काम आहे, त्याबद्दल मनात आदर आहे. त्या नोंदीत शास्त्रीय शीर्षक वेगळं आणि लोकांसाठीचं शीर्षक वेगळं लिहायची सोयसुद्धा आहे. म्हणजे लोकांनी वाचावं ही इच्छा नोंदवही तयार करणाऱ्यांच्या मनात होतीच. पण सगळी नोंद इंग्रजीत. परभणीहून आलेल्या बापाला ती सापडत नाही आणि सापडली तरी वाचता येत नाही.

साध्या मराठीत असं काही लिहिता येईल का, अशी शंका कमिटीत अनेकदा निघते. विषय अवघड असतो, मान्य. म्हणून मी एका खऱ्या ट्रायलवर हात चालवून पाहिला. ती टाटा मेमोरियलची आहे. ते रुग्णालय आपल्या विद्यापीठाखाली येत नाही, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेशी जोडलेलं आहे. पण तंबाखूनं पोखरलेल्या आपल्या राज्यात ही ट्रायल घराघरांशी संबंधित आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात ती केली. ती सुरू होण्याआधी ओपीडीबाहेर एखादा कागद लावला असता, तर तो माझ्या हातून असा उतरला असता:

‘तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांसाठी हा अभ्यास आहे. तोंडातली गाठ आम्ही ऑपरेशन करून काढणारच. प्रश्न मानेचा आहे. तोंडाचा कॅन्सर आधी मानेतल्या ग्रंथींमध्ये उतरतो, आणि सुरुवातीला तो हाताला लागत नाही. काही डॉक्टर पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथीही काढून टाकतात. काही डॉक्टर मानेवर बारीक लक्ष ठेवतात आणि तिथं गाठ आली तरच दुसरं ऑपरेशन करतात. पहिल्या पद्धतीत काही जणांची मान विनाकारण उघडली जाते आणि खांदा दुखणं, हात पूर्ण वर न जाणं असे त्रास मागे राहू शकतात. दुसऱ्या पद्धतीत गाठ उशिरा कळण्याची भीती आहे. जगभर दोन्ही पद्धती वापरात आहेत. जास्त माणसं कशानं वाचतात हे आजवर कोणालाच नक्की सांगता आलेलं नाही, आम्हालाही नाही. ते कळावं म्हणून काही रुग्णांवर पहिल्या पद्धतीनं आणि काहींवर दुसऱ्या पद्धतीनं उपचार करू. तुम्ही कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हीही ठरवणार नाही. चिठ्ठी टाकावी तसं ते कॉम्प्युटरवर ठरेल. दोन्ही गटांना पुढची कित्येक वर्षं तपासणीला यावं लागेल. तुम्हाला यात यायचं नसेल तर कोणती पद्धत वापरायची ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवाल.’

एका पानात मावतं. वैद्यकीय अर्थ कुठं सुटला असेल तर आपले शल्यविशारद दुरुस्त करतील, पण मराठी एवढंच सोपं असायला हवं. आणि हे लिहिताना मला जाणवलं ते असं, की या पानातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘आम्हालाही ठाऊक नाही’ हे आहे. फॉर्मांत ते जवळजवळ कधीच इतक्या सरळ येत नाही. डॉक्टरांना ते कबूल करायला जड जातं, कारण रुग्ण त्यांच्याकडे ठाऊक असलेल्या माणसाकडे म्हणूनच आलेला असतो. पण खरी ट्रायल तिथूनच सुरू होते. ठाऊक असतं तर अर्ध्या रुग्णांना दुसरं काही देणं हा गुन्हा झाला असता.

या ट्रायलचा निकाल 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पहिल्या पाचशे रुग्णांचे आकडे असे: मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी 80 टक्के लोक तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्या गटातले 67.5 टक्के. अनेक दशकांचा वाद मिटला आणि जगभरच्या शल्यविशारदांनी पद्धत बदलली. यात नवं औषध नव्हतं, पेटंट नव्हतं. इथल्याच रुग्णांनी, सही करून, स्वतःची मान पुढे करून हे ज्ञान जगाला दिलं. आज आपल्या एखाद्या महाविद्यालयात तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण येतो, त्याला त्या माणसांमुळे बरा उपचार मिळतो, आणि त्याला हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर ‘आमच्यावर प्रयोग करणार का’ या प्रश्नाकडे तो वेगळ्या नजरेनं पाहील असं मला वाटतं.

आपल्याच विद्यापीठाच्या अंगणातलं उदाहरण पुण्याचं आहे. लहान मुलांच्या क्षयरोगावरच्या ‘शाइन’ या ट्रायलमध्ये युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत असे चार देश होते, आणि भारतातल्या केंद्रांत ससूनशी जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज होतं. सोळा वर्षांखालची, सौम्य क्षयरोग असलेली 1204 मुलं त्यात होती. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे सहा महिने औषध, अर्ध्यांना चारच महिने. आईच्या जागी उभं राहून हे ऐका. माझ्या पोराला औषध कमी का? बाकीच्यांना पूर्ण कोर्स आणि याला अर्धवट? क्षयाची औषधं मध्येच सोडू नका असं इतकी वर्षं भिंतीभिंतीवर लिहून ठेवलं, आणि आता तुम्हीच सोडायला सांगता? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे: मुलांच्या अंगात या आजाराचे जंतू मोठ्यांपेक्षा खूप कमी असतात, म्हणून कमी दिवस पुरतील असा अंदाज आहे, तो खरा ठरला तर मुलांचे दोन महिन्यांचे गोळ्यांचे हाल वाचतील, खोटा ठरतोय असं दिसलं तर ते लगेच पकडण्यासाठी तपासण्या ठरलेल्या आहेत. 2022 मध्ये निकाल आला. चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांइतकाच गुणकारी निघाला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तो स्वीकारला. हे उत्तर आईला वॉर्डातल्या घाईत एकदाच मिळावं, की महिनाभर आधीपासून तिच्या वस्तीतल्या आशाताईलाही ठाऊक असावं? माझं मत स्पष्ट आहे.

निकाल परत सांगण्याची गोष्टही यात येते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट, चार प्रकार: एका गटाची एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथा गट तुलनेसाठी, ज्याला अभ्यासातली कुठलीच तपासणी नाही. 2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा झाली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. एचपीव्ही गटात 34 मृत्यू, तुलनेच्या गटात 64. तपासणीबाबतच्या जगाच्या धोरणात या आकड्यांना मोठं वजन मिळालं. आणि याच तुलनेच्या गटावरून पुढे कडाडून टीका झाली: कॅन्सर टाळता येतो हे ठाऊक असताना बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं, आणि त्यांना ते नीट सांगितलं होतं का? दुसरी बाजू म्हणते, त्या काळी तिथं कोणाचीच तपासणी होत नव्हती, आणि एवढ्या मोठ्या संख्येनं स्वस्त उपाय सिद्ध झाल्याशिवाय सरकार हलणार नव्हतं. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. माझा कल टीका करणाऱ्यांकडे आहे. तरी मला जास्त टोचतं ते हे की एवढा मोठा वाद इंग्रजी नियतकालिकांत झाला. ज्यांच्या शरीराबद्दल तो होता, त्या बायकांना आणि आज त्यांच्या लेकीसुनांना त्यात बोलता यावं म्हणून तो मराठीत कुठं वाचायचा?

लोकांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीच्या जागी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या सापडल्या. प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. स्वास्थ्य अधिकार मंचानं ट्रायलबाबत केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सरकारला धारेवर धरलं ते याच सुमारास. आज जे नियम आहेत ते त्या घुसळणीतून आले. ते चांगले आहेत, आणि लोकांना ठाऊक नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळतात. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी 24 तासांत कळवायचं असतं. मृत्यू ट्रायलमुळेच झाला असं ठरलं तर वारसांना भरपाई मिळते. तिचं सूत्र आठ लाख रुपये आधार धरून वय आणि आजाराची अवस्था यांवर ठरतं, आणि आदेश आल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. ज्याला वाचता येत नाही त्याला समजावताना त्रयस्थ साक्षीदार हवा. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ काढावा लागतो. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत घरी न्यायची असते. किती जण नेतात, ते सिस्टरांना विचारा.

कुलगुरू महोदय, आता आपल्या हातात काय आहे त्याबद्दल. मोठ्या कंपन्यांच्या ट्रायल थोड्याच महाविद्यालयांत होतात. आपल्या रुग्णालयांतला सामान्य रुग्ण ज्या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळा सापडतो, तो असतो एमडी किंवा एमएस करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध. भुलीच्या दोन औषधांची तुलना, टाके घालण्याच्या दोन पद्धती, जखमेचं एक ड्रेसिंग विरुद्ध दुसरं. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो, आणि त्याचा सिनॉप्सिस आपल्या विद्यापीठाकडे येतो. शिवाय बाजारात आधीच मंजूर असलेल्या औषधाची, व्यापारी हेतू नसलेली शैक्षणिक ट्रायल असेल तर तिला केंद्राच्या वेगळ्या परवानगीऐवजी एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. म्हणजे तिथं रुग्णाच्या पाठीशी विद्यापीठ, महाविद्यालय आणि आमच्यासारखी कमिटी, एवढेच उभे असतो. म्हणून सुरुवात इथूनच व्हावी. सिनॉप्सिससोबत एक पान मराठी सक्तीचं करा. ते विद्यार्थ्यानं स्वतः लिहावं. टायपिंगवाल्याकडून किंवा मोबाईलवरून भाषांतर करून आणलेलं चालणार नाही. जो डॉक्टर आपला प्रश्न एका पानात मराठीत मांडू शकत नाही, त्याला तो प्रश्न अजून नीट उमगलेला नाही, असं मी आजवर वाचलेल्या प्रस्तावांवरून म्हणते. अमराठी विद्यार्थ्यांना अडचण येईल, ती खरी आहे. त्यांना समाजसेवा अधीक्षकांची, सिस्टरांची मदत घेऊ द्या. रोज रुग्णांशी बोलून त्यांची भाषा आमच्यापेक्षा चांगली झालेली असते.

त्या पानात काय असावं याची लांब यादी करत बसू नये. कशासाठी, कोणावर, नेहमीपेक्षा वेगळं काय होणार, किती खेपा माराव्या लागणार आणि एसटीचं भाडं मिळणार का, त्रास काय होऊ शकतो, नको असेल तर काय, आणि तक्रार असेल तर कोणाला फोन करायचा. नंबर एथिक्स कमिटीचा हवा, अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचाच नको. नवऱ्याची, सासऱ्याची परवानगी लागत नाही, बाईनं स्वतः ठरवायचं, हे बायकांच्या अभ्यासांत ठळक हवं. सात वर्षांवरच्या मुलालाही विचारायचं असतं, हे मुलांच्या अभ्यासांत. आणि अभ्यास संपला की त्याच फळ्यावर, त्याच भाषेत, काय निघालं ते लिहावं. काही निघालं नाही तर तसं.

हे तातडीचं आहे याचं एक कारण मुंबईत आहे. नवं औषध माणसाला पहिल्यांदाच देऊन पाहायचं, या पहिल्या टप्प्याच्या ट्रायलसाठी आयसीएमआरनं देशात चार केंद्रं उभी केली. त्यातली दोन आपल्याकडे: केईएमचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र. झिकाची लस, फ्लूची लस, रक्ताच्या कॅन्सरवरचे उपचार यांच्यासाठी या जाळ्यातून करार झाले आहेत. देशासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. आजवर पहिला टप्पा बहुतेक परदेशातच व्हायचा. पण पहिल्या टप्प्यात मूठभर माणसं असतात, पाहायचं असतं ते मुख्यतः औषध झेपतं का आणि किती मात्रा झेपते, आणि भाग घेणाऱ्याला स्वतःला फायदा व्हायची शक्यता कमी असते. ‘यातून तुम्हाला बरं वाटेलच असं नाही’ हे वाक्य तिथं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लागेल. शेवटचा उपाय म्हणून आशेनं आलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला ते वाचणं जड जाईल, हे मला कळतं. तरी त्याला ते कळलंच पाहिजे, आणि त्याच्या घरच्यांनाही.

पुढच्या तुकडीचे सिनॉप्सिस येतील त्याआधी विद्यापीठानं एक परिपत्रक काढावं, एवढीच विनंती. पहिल्या वर्षी दोन-तीन महाविद्यालयांत करून पाहा. मराठीचे मसुदे तपासायला माणसं लागतील. राज्यभरच्या एथिक्स कमिट्यांवर माझ्यासारखे सामान्य नागरिक आहेत, त्यांत शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना बोलवा. मसुदा मंजूर करण्याआधी ओपीडीच्या रांगेतल्या कुणाही पाच जणांना वाचून दाखवायचा आणि ‘तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं, एवढा नियम केला तरी अर्धं काम होईल. माझ्या कमिटीत मी हे काम आजपासून करायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एका एथिक्स कमिटीवरील सामान्य नागरिक सदस्य